मनाचे आजार आणि राज्याचा विश्वास : पेशवाईपासून आजच्या सुरक्षा पडताळणीपर्यंत

प्रस्तावना

गोपनीय कागद कोणाच्या हाती द्यावेत, हा प्रश्न प्रत्येक राज्यसंस्थेपुढे असतो. आज त्यासाठी पडताळणीची रीतसर पद्धत आहे. उमेदवाराचे पूर्ववृत्त तपासतात, आर्थिक व्यवहार पाहतात, परदेशी संबंध विचारतात. या चौकशीला सुरक्षा पडताळणी किंवा सिक्युरिटी क्लिअरन्स असे म्हणतात. तिच्यात एक नाजूक मुद्दा असतो. ज्याला कधी नैराश्य आले होते, ज्याने मानसोपचार घेतले होते, त्याच्यावर राज्याने विश्वास ठेवावा का?

प्रश्न आजचा वाटतो, पण त्याची मुळे जुनी आहेत. प्रस्तुत पाठात आपण मराठी इतिहासातील तीन प्रसंग पाहू, नंतर कायद्याची भाषा कशी बदलली ते पाहू आणि शेवटी आजच्या पद्धतीकडे येऊ. पाठ वाचताना एक प्रश्न सतत मनात ठेवा : निर्णय कशावरून घेतला गेला, आजाराच्या नावावरून की माणसाच्या प्रत्यक्ष वागण्यावरून? आणि तो कोणी घेतला?

१. ब्रह्मा घाट : जिथून आपण सुरुवात करतो

काशीला गेलात तर पंचगंगा घाटाजवळ ब्रह्मा घाट आणि त्याला लागून दुर्गा घाट लागतो. हा काशीतील जुना मराठी मोहल्ला. पेशव्यांचे गुरू नारायण दीक्षित पाटणकर यांनी अठराव्या शतकात या घाटांच्या बांधणीत पुढाकार घेतला. गौड सारस्वतांच्या काशी मठाचे मूळ स्थानही ब्रह्मा घाटावरच आहे. जवळच्या गल्ल्यांत मराठी वैदिक, भिक्षुक आणि सरदारांची घराणी राहिली. याच परिसरात नाना फडणविसांच्या नावाने ओळखला जाणारा वाडा आहे.

काशीतील ही वस्ती धर्मकार्यासाठी होती, पण तिथून पुण्याला जाणारी पत्रे निव्वळ धर्माची नसत. उत्तरेकडील राजकारणाच्या बातम्याही त्यांत असत. दीक्षित घराण्याची पत्रे म्हणूनच इतिहासाच्या अभ्यासकांना महत्त्वाची वाटतात. पत्र नेणारा जासूद, ते वाचणारा कारकून, त्याची नोंद ठेवणारा फड या सर्वांवर विश्वास टाकावा लागे.

त्या काळी हा विश्वास कसा ठरवीत? लेखी प्रश्नावली नव्हती. घराणे पाहत, कारण पद बहुधा वंशपरंपरेने चाले. जामीन घेत, म्हणजे एकाच्या वागणुकीची हमी दुसऱ्याने द्यायची. बेलभंडारा उचलून किंवा गंगाजलाला स्पर्श करून शपथ घेत. आणि इमान राखले नाही तर वतन जाई. या सगळ्यात मनाच्या प्रकृतीची स्वतंत्र तपासणी कुठेच नव्हती. माणूस काम करतो आहे तोवर तो पात्र. काम थांबले की प्रश्न उभा राही.

२. नाना फडणवीस : ज्याने आपले मन लिहून ठेवले

बाळाजी जनार्दन भानू, म्हणजेच नाना फडणवीस, यांचा जन्म १२ फेब्रुवारी १७४२ रोजी साताऱ्यास झाला. वडील १७५६ साली वारले आणि चौदा वर्षांच्या नानांकडे फडणिशी आली. फडणीस म्हणजे सरकारी हिशेब आणि दप्तर यांचा प्रमुख. राज्याची जमा, खर्च, सनदा, नेमणुका यांचे कागद त्याच्या हाताखालून जात. आजच्या भाषेत सांगायचे तर सर्वांत संवेदनशील जागांपैकी ही एक होती.

नाना आई आणि पत्नीसह सदाशिवरावभाऊंबरोबर उत्तरेत गेले. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर पराभव झाला. अठरा वर्षांचे नाना रणांगणातून कसेबसे निसटले. पत्नी वाचली, आई परत आली नाही. त्याच वर्षी २३ जून रोजी नानासाहेब पेशवे पर्वतीवर वारले. पराभवाचा आणि मुलाच्या मृत्यूचा धक्का त्यांना सोसला नाही, असे पुढे सर्वजण सांगत आले.

या सुमारास नानांनी स्वतःविषयी लिहिलेला मजकूर उपलब्ध आहे. मराठीतील आत्मचरित्राचा तो एक प्रारंभीचा नमुना मानला जातो. त्याचे वेगळेपण त्यातील मोकळेपणात आहे. तारुण्यातील वासना, त्याबद्दलची टोचणी, लढाईतली भीती, पळताना झालेली दैना आणि संसाराविषयी वाटू लागलेली विरक्ती हे सर्व त्यात येते. फौजेबरोबर गेलेल्या तरुण अधिकाऱ्याने आपली भीती लपवली नाही.

इथे एक सावधगिरी सांगायला हवी. अडीचशे वर्षांपूर्वीच्या माणसाला आजच्या रोगाचे नाव चिकटवणे हे इतिहासाचे काम नाही. नानांना अमुक आजार होता असे आपण म्हणू शकत नाही. पण इतके खात्रीने म्हणता येते की त्यांच्यावर फार मोठा मानसिक आघात झाला होता आणि त्यांनी तो कागदावर मांडला होता.

पुढे काय घडले ते सर्वांना ठाऊक आहे. माधवराव पेशव्यांच्या कारकिर्दीत नाना फडणिशीचे काम पाहत राहिले. १७७४ पासून बारभाईंच्या कारस्थानात ते प्रमुख झाले. १७७६ चा पुरंदरचा तह आणि १७८२ चा सालबाईचा तह या काळात पुण्याच्या राजकारणाची सूत्रे त्यांच्याकडे होती. दूरदूरच्या दरबारांतील बातमी त्यांच्याकडे येई. १३ मार्च १८०० रोजी त्यांचा मृत्यू झाला. राज्याची गुपिते चार दशके सांभाळणारा हा माणूस तरुणपणी आघाताने खचलेला होता. त्या एका वर्षावरून त्याला कायमचे अपात्र ठरवले असते, तर मराठी राज्याचे किती नुकसान झाले असते याचा विचार करा.

दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. ऑक्टोबर १७९५ मध्ये सवाई माधवराव शनिवारवाड्याच्या गच्चीवरून खाली पडले आणि त्यातच वारले. तापाच्या भरात तोल गेला की त्यांनी स्वतःच उडी घेतली, यावर आजही मतभेद आहेत. नानांच्या कडक देखरेखीत वाढलेल्या या एकवीस वर्षांच्या पेशव्याच्या मनात काय चालले आहे, हे विचारण्याची सोय दरबारात नव्हती. ज्यांच्याकडे साऱ्या हिंदुस्थानातील बातमी होती, त्यांना घरातील ही बातमी वेळेवर कळली नाही.

३. भानपुरा : सत्ताधाऱ्याचेच मन बिघडले तर

यशवंतराव होळकर १८०५ मध्ये इंग्रजांशी तह करून माळव्यात परतले. भानपुरा येथे त्यांनी तोफा ओतण्याचा कारखाना काढला आणि रात्रंदिवस त्याच कामात बुडून गेले. १८०८ च्या सुमारास त्यांचे मन बिघडले. जॉन माल्कम याने मध्य हिंदुस्थानावरील आपल्या ग्रंथात या आजाराचे वर्णन केले आहे. झटके येत, ते हिंसक होत, त्यांना बांधून ठेवावे लागे. ऑक्टोबर १८११ मध्ये भानपुऱ्यासच त्यांचा अंत झाला.

इथे आजार खरा होता आणि तो राज्यकारभाराच्या आड येत होता, याबद्दल वाद नाही. वाद वेगळा आहे. राजा कारभार पाहू शकत नाही हे कोणी ठरवायचे, किती काळासाठी ठरवायचे, आणि मधल्या काळात शिक्के कोणाच्या हाती असायचे, याचा कोणताही नियम नव्हता. तुळसाबाई, कारभारी आणि फौजेतील सरदार यांच्यात सत्ता वाटली गेली. वारस मल्हारराव लहान होते. हा गोंधळ पुढे सहा वर्षे चालला. डिसेंबर १८१७ मध्ये महिदपूरच्या लढाईच्या तोंडावर तुळसाबाईंना त्यांच्याच फौजेतील लोकांनी ठार केले आणि होळकरांचा पराभव झाला.

यावरून एक मुद्दा नोंदवून ठेवा. मानसिक आजाराचा पदावर परिणाम होतच नाही, असे म्हणणे चूक आहे. काही आजार काही काळासाठी निर्णयशक्ती हिरावून घेतात. म्हणून नियम हवा. नियम नसला की आजाऱ्याचे हाल होतात आणि राज्याचेही होतात.

४. कोल्हापूर १८८२–८३ : ‘वेडा’ हा शिक्का

तिसरा प्रसंग सर्वांत बोलका आहे. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम १८७० मध्ये युरोपच्या प्रवासात फ्लॉरेन्स येथे वारले. त्यानंतर १८७१ मध्ये आठ वर्षांचा मुलगा दत्तक घेऊन त्याला शिवाजी हे नाव दिले. हा राजा मोठा होऊ लागला तसे त्याच्या मानसिक प्रकृतीविषयी तक्रारी पुढे आल्या आणि ब्रिटिश सरकारने त्याला कारभारास असमर्थ ठरवले. १८८२ मध्ये कागलचे जयसिंगराव घाटगे रीजंट झाले.

लोकांना हे पटले नव्हते. राजाला मुद्दाम वाईट वागणूक देऊन त्याचे मन बिघडवले जात आहे, अशी बोलवा महाराष्ट्रभर पसरली. ‘केसरी’ आणि ‘मराठा’ यांनी हा विषय उचलून धरला आणि कोल्हापूरचे दिवाण रावबहादुर माधवराव बर्वे यांच्यावर टीका केली. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली. ज्या पत्रांवर वृत्तपत्रांनी भरवसा ठेवला होता ती बनावट असल्याचे निष्पन्न झाले. १७ जुलै १८८२ रोजी टिळक आणि आगरकर यांना चार महिन्यांची शिक्षा झाली. डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढून २६ ऑक्टोबरला ते सुटले. आगरकरांनी या दिवसांवर पुस्तकही लिहिले.

राजाचे काय झाले? त्याला अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवले गेले. २५ डिसेंबर १८८३ रोजी देखरेखीवरील गोऱ्या सैनिकाशी झटापट झाली आणि त्यातच तो मरण पावला. वय वीस वर्षे. पुढच्या वर्षी कागलच्या घाटगे घराण्यातील मुलगा दत्तक आला. तेच पुढे राजर्षी शाहू महाराज म्हणून प्रसिद्ध झाले.

हा प्रसंग नीट समजून घ्या. राजाला आजार होता की नव्हता, हा प्रश्न इथे बाजूला ठेवा. ज्या पद्धतीने निर्णय झाला तिच्यात तीन दोष होते. पहिला, निर्णय बंद दाराआड झाला. दुसरा, ज्यांच्या हाती राजाचा ताबा आणि राज्याची सूत्रे होती त्यांच्याच सांगण्यावर सारे अवलंबून होते. तिसरा, राजाला स्वतःची बाजू मांडायला किंवा निर्णयाविरुद्ध दाद मागायला जागा नव्हती. याचा परिणाम सर्वांनाच भोगावा लागला. राजा गेला, दिवाणावर संशय राहिला आणि सद्हेतूने लिहिणारे संपादकही बनावट कागदांना बळी पडून तुरुंगात गेले. खरी माहिती मिळत नाही तिथे अफवेचे राज्य सुरू होते.

५. कायद्याची भाषा कशी बदलली

ब्रिटिश हिंदुस्थानात १८५८ साली वेडासंबंधी तीन कायदे झाले. मनाने असमर्थ ठरलेल्या व्यक्तीच्या मालमत्तेची व्यवस्था आणि वेड्यांच्या इस्पितळांचा कारभार हे त्यांचे विषय. कोल्हापूर हे संस्थान असल्याने तिथल्या राजाचा प्रश्न या कायद्यांच्या चौकटीत आला नाही. तो राजकीय निर्णय राहिला. १९१२ च्या कायद्याने जुने कायदे एकत्र केले. काशीतही एकोणिसाव्या शतकात असे इस्पितळ चालू झाले होते. पांडेपूर भागातील आजचे मानसिक रुग्णालय त्याच परंपरेतले. या सर्व कायद्यांचा रोख समाजाचे रक्षण करण्याकडे होता. आजारी माणसाचे हक्क त्यांत फारसे दिसत नाहीत.

संविधानाने महत्त्वाचा फरक केला. अनुच्छेद १०२ नुसार मनोविकल व्यक्ती संसद सदस्य होण्यास अपात्र ठरते, पण सक्षम न्यायालयाने तसे घोषित केले असेल तरच. राज्यांच्या विधिमंडळांसाठी अनुच्छेद १९१ मध्ये तशीच तरतूद आहे. कोल्हापूरच्या प्रसंगात जे नव्हते ते इथे आले : निर्णय न्यायालयाचा, उघड सुनावणीतला आणि अपील करता येण्याजोगा.

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ याने आणखी पुढचे पाऊल टाकले. त्याच्या कलम ३ मध्ये तीन गोष्टी स्पष्ट आहेत. एखाद्याची राजकीय, सामाजिक किंवा आर्थिक स्थिती पाहून त्याला मनोरुग्ण ठरवता येत नाही. पूर्वी उपचार घेतले होते किंवा रुग्णालयात राहावे लागले होते, एवढ्यावरून आज आजार आहे असे मानता येत नाही. आणि मानसिक आजार आहे याचा अर्थ माणूस विकल मनाचा आहे असा होत नाही, न्यायालयाने तसे घोषित केल्याशिवाय. कलम २३ उपचारांची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क देते.

६. सुरक्षा पडताळणी : अमेरिकेचा अनुभव

गोपनीय कामासाठी लेखी निकष आखून ते वेळोवेळी जाहीरपणे बदलणारा देश म्हणून अमेरिकेचे उदाहरण उपयोगी आहे. १९५३ मध्ये अध्यक्ष आयसेनहॉवर यांनी काढलेल्या आदेशात, गंभीर मानसिक आजार विचारात घ्यावा असे म्हटले होते. त्याच आदेशाचा आधार घेऊन असंख्य समलैंगिक कर्मचाऱ्यांना काढण्यात आले. तेव्हा समलैंगिकता हाच आजार समजला जाई. १९७३ मध्ये अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने ती आजारांच्या यादीतून काढली. म्हणजे ज्या नावाखाली लोकांच्या नोकऱ्या गेल्या तो आजारच नव्हता. आजाराच्या नावावर विसंबून निर्णय घेण्यातील धोका यापेक्षा स्पष्ट दिसणार नाही.

१९९५ मध्ये अध्यक्ष क्लिंटन यांच्या आदेशाने नियम बदलला : मानसिक समुपदेशन घेतले एवढ्यावरून उमेदवाराविरुद्ध निष्कर्ष काढायचा नाही. तरीही अर्जात उपचारांविषयीचा व्यापक प्रश्न राहिला. इराक आणि अफगाणिस्तानातून परतलेले सैनिक मंजुरी जाईल या भीतीने डॉक्टरकडे जाईनात. म्हणून २००८ मध्ये युद्धातील अनुभवांसंबंधीचे समुपदेशन सांगण्याची अट काढली गेली. २०१७ पासून लागू असलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत उपचार घेणे आणि त्यांत सातत्य ठेवणे ही अनुकूल बाब मानली जाते. चिंता वाटावी असे वागणे, उपचार सोडून देणे आणि माहिती दडवणे या बाबी प्रतिकूल ठरतात.

यामागचा तर्क लक्षात घ्या. उपचार घेणाऱ्याला शिक्षा केली तर आजार कमी होत नाहीत, फक्त ते लपवले जातात. आणि ज्याच्याकडे लपवण्यासारखे काही आहे त्याच्यावर दबाव आणणे शत्रूला सोपे जाते. म्हणजे अतिकडक नियम सुरक्षेलाच घातक ठरतो.

७. भारतातील स्थिती

आपल्याकडे सरकारी नोकरीत दोन तपासण्या स्वतंत्रपणे होतात. एक, चारित्र्य व पूर्ववृत्त पडताळणी. तिच्यात प्रामुख्याने पत्ते, अटक, खटले, शिक्षा यांची माहिती घेतली जाते. दुसरी, वैद्यकीय तपासणी. केंद्रीय सेवांच्या वैद्यकीय नमुन्यात जवळच्या नातेवाइकांपैकी कोणाला वेड होते का आणि उमेदवाराला अतिश्रमाने मानसिक दुर्बलता आली होती का, असे प्रश्न दीर्घकाळ होते. ही भाषा वसाहतकाळाची वाटते, कारण वेड घराण्यात चालते ही समजूत तिच्या मुळाशी आहे. शस्त्र परवान्याच्या बाबतीत १९५९ चा शस्त्र अधिनियम मनोविकल व्यक्तीला परवाना नाकारण्याची तरतूद करतो.

अपंग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या कलम २० नुसार नोकरीत असताना अपंगत्व आलेल्या सरकारी कर्मचाऱ्याला काढता येत नाही किंवा त्याचा हुद्दा कमी करता येत नाही. मानसिक आजारही या कायद्याच्या कक्षेत येतो. मात्र काही दलांना सूट देण्याचा अधिकार सरकारकडे आहे. या पार्श्वभूमीवर १७ डिसेंबर २०२१ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल महत्त्वाचा ठरतो. केंद्रीय राखीव पोलीस दलातील एका अधिकाऱ्यावर शिस्तभंगाची कारवाई झाली होती. त्याला मानसिक आजार होता. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी लिहिलेल्या निकालात म्हटले आहे की ज्या वागण्यामागे आजार आहे त्याबद्दल कारवाई करताना आजाराचा विचारच न करणे हा अप्रत्यक्ष भेदभाव आहे. कारवाई रद्द झाली. पण न्यायालय तिथेच थांबले नाही. तो अधिकारी सध्याच्या कामास अयोग्य ठरला तर त्याला दुसरे काम द्यावे, वेतन आणि सेवाशर्ती कायम ठेवाव्यात, आणि नव्या कामात धोका संभवेल अशी शस्त्रे किंवा साधने त्याच्या ताब्यात नसावीत याची काळजी घेण्यास दल मोकळे राहील, असेही सांगितले.

हा निकाल समतोल आहे. जोखीम नाकारलेली नाही, पण माणसालाही टाकून दिलेले नाही. विशिष्ट कामाची विशिष्ट जोखीम पाहून बंधन घालायचे, बाकीचे आयुष्य आणि उपजीविका शाबूत ठेवायची.

समारोप

भानपुऱ्यात आजार खरा होता, पण नियम नव्हता. कोल्हापुरात निर्णय झाला, पण उघड सुनावणी झाली नाही. नानांच्या बाबतीत आघात होता, पण पारख कामावरून झाली. या तिन्ही प्रसंगांतून एकच निष्कर्ष निघतो : मनाच्या आजाराचा विचार करावा लागतो, पण तो सध्याच्या वागण्यावर, विशिष्ट कामाच्या संदर्भात, जाणकारांच्या मताने आणि दाद मागण्याची सोय ठेवून करावा. आजाराचे नाव हा त्याला पर्याय नाही.

तुमच्यापैकी काहीजण उद्या पोलीस दलात, सैन्यात किंवा सचिवालयात जातील. मन खचले असताना मदत मागितली तर आपली नोकरी जाईल, ही भीती तुम्हालाही वाटेल. ती निराधार आहे असे सरसकट म्हणता येणार नाही. पण कायद्याने ती कमी करण्यास सुरुवात केली आहे आणि अमेरिकेचा अनुभव सांगतो की मदत टाळून आजार लपवणे अधिक धोक्याचे असते. कधी ब्रह्मा घाटाच्या पायऱ्या उतरलात तर नानांच्या नावाचा तो वाडा जरूर पाहा. पानिपतावरून परतलेला एकोणीस वर्षांचा मुलगा आपली भीती लिहून ठेवतो आणि तरीही राज्याचे दप्तर त्याच्याकडे राहते, ही गोष्ट आजच्या पडताळणी अधिकाऱ्यालाही काही शिकवू शकते.

स्वाध्याय

१. पेशवाईत गोपनीय कामासाठी माणसाची विश्वासार्हता कोणत्या मार्गांनी ठरवीत? आजच्या पडताळणीशी तुलना करा.

२. भानपुरा आणि कोल्हापूर या दोन प्रसंगांत निर्णयप्रक्रियेतील उणिवा कोणत्या होत्या?

३. ‘पूर्वी उपचार घेतले’ आणि ‘आज कामास असमर्थ आहे’ या दोन विधानांतील फरक २०१७ च्या अधिनियमाच्या आधारे स्पष्ट करा.

४. ऐतिहासिक व्यक्तींना आजच्या आजारांची नावे देणे अभ्यासकाने का टाळावे? नाना फडणविसांच्या उदाहरणावरून लिहा.

५. २०२१ च्या निकालात सुरक्षा आणि व्यक्तीचे हक्क यांचा मेळ कसा घातला आहे? तुमचे मत सकारण मांडा.